न खाणाऱ्या कुत्र्याचं वजन

"बटण सकाळी काही म्हणजे काही खात नाही," असं मावशी तिसऱ्यांदा सांगत होती, आणि वजनकाटा ऐकायला तयार नव्हता. मागच्या खेपेपेक्षा बटण चांगला पाऊण किलोने जास्त भरला होता. मुळात चार किलोचा जीव. माणसाच्या हिशेबात ही वाढ दहा-बारा किलोंची झाली असती.

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी काट्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि सभ्यपणे विषय बदलला. भाचीला मात्र तो बदलायचा नव्हता. विज्ञानाची पदवी घेऊन, नोकरी लागेपर्यंत ती मावशीकडे राहायला आली होती. न खाता वजन वाढतं हे तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पण तिघं तिथे आले होते ते वजनासाठी नव्हे. पंधरवड्यात बटणला दोनदा झटका आला होता, दोन्ही वेळा सकाळी. पाहिलं ते फक्त मावशीने, आणि पाहिलं म्हणजे पहिल्या वेळी ती किंचाळली आणि दुसऱ्या वेळी तिने डोळे घट्ट मिटून घेतले. साक्षीदार म्हणून तिचा उपयोग शून्य.

डॉक्टरबाईंच्या मते संशयित दोन होते. एक, रक्तातली साखर उतरणं. चिमुकल्या जातीच्या कुत्र्यांना उपाशी राहिल्यावर किंवा फार दमल्यावर हे होऊ शकतं. अशा वेळी ते आधी मलूल होतात, थरथरतात, झोकांड्या खातात, शून्यात बघत राहतात. हिरड्यांना मध चोळला की बहुधा सावरतात. दुसरी, फिट. ती चांगल्या खाल्ल्याप्यायल्या कुत्र्यालाही येते, पुष्कळदा झोपेत किंवा पडल्यापडल्या, एकदम. शुद्ध जाते, पाय झाडले जातात, तोंडाला फेस येतो, आणि नंतर थोडा वेळ कुत्र्याला आपलं घरसुद्धा ओळखू येत नाही. साखर फारच उतरली तरी अशीच फिट येऊ शकते, म्हणून झटक्याच्या वेळचा आकडा हाती असलेला बरा.

"आणि फिटच निघाली तर?" मावशीने विचारलं.

"रोज गोळी. बहुतेक आयुष्यभर. आणि आपल्या मनाने थांबवायची नाही."

"अहो, तीन वर्षांचं लेकरू आहे ते."

मावशीने तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. साखरच. वाटी रोज भरलेली राहते, म्हणजे उपाशी. उपाशी, म्हणजे साखर. गोळी नको, फक्त भरवायला हवं, आणि भरवण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, शनिवारी तपासणीला या, तेव्हा ठरवू. तोवर झटका आलाच तर चित्रण करा, तोंडात बोट घालू नका, आणि घरात साखर मोजायचं मशीन असेल तर कानाच्या कडेचा थेंब घ्या. माणसांचं मशीन कुत्र्यासाठी अगदी नेमकं नसतं, पण चाळीस आणि शंभर यांतला फरक त्यालाही कळतो.

मशीन होतं. ते काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं. काकांना मधुमेह निघाल्यापासून ते सकाळी एक गोळी घेत आणि मावशी त्यांना नाश्त्यालासुद्धा कोरडी भाकरी आणि बिनतेलाच्या, मिठाशी जेमतेम तोंडओळख असलेल्या उकडलेल्या भाज्या वाढत असे. काका एका शब्दाने तक्रार करत नसत. फक्त अलीकडे त्यांचा स्वभाव चिडका झाला होता. मशीन मागितल्यावर ते म्हणाले, "घ्या. उद्या माझा चष्मा लावा त्याला." पण दिलं.

दुसऱ्या दिवसापासून भाचीने निरीक्षण सुरू केलं. निरीक्षण कशाचं, तर वाटीचं. रोज सकाळी ती स्वयंपाकघरात वाटीसमोर ठाण मांडून बसे. वाटी भरलेलीच राही. बटण बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलाखाली काकांच्या पायांशी बसलेला असे, आणि मावशी कौतुकाने म्हणे, "आजारी आहे बिचारा, पण माया बघ किती."

शुक्रवारी, काकांचा नाश्ता उरकून बराच वेळ झाल्यावर, चटईवर झोपलेला बटण एकाएकी ताठ झाला. मग आडवा पडल्यापडल्या चारही पाय सायकल चालवावी तसे झाडू लागला. तोंडाला फेस, चटई ओली. भाचीने हाक मारली. उघड्या डोळ्यांत ओळख नव्हती. तिने शेजारचं स्टूल दूर सारलं आणि मोबाइलवर चित्रण सुरू केलं. मावशी मध आणायला धावली. दोनेक मिनिटांत पाय थांबले, बटण धापा टाकत पडून राहिला.

"काका, कान धरा."

काका भिंतीला धरून खाली बसले. त्यांनी कान धरला, पण त्यांचाच हात इतका हलत होता की सुई टोचली तेव्हा नेमकी कुठे लागली ते भाचीला कळेना. थेंब मात्र दिसला. तिने पट्टी टेकवली. मशीनने सेहेचाळीस दाखवले.

"बघ," मधाची बाटली घेऊन आलेल्या मावशीचा चेहरा उजळला. "म्हणत नव्हते मी? साखर. सरक, मला चोळू दे."

भाची सरकली नाही. बटणचा कान पांढराशुभ्र होता. रक्त होतं ते काकांच्या अंगठ्यावर. तिने वर पाहिलं. काकांचं कपाळ घामाने डबडबलं होतं, हात थरथरत होते, आणि ते कपाटाकडे असे बघत होते जणू ते आज पहिल्यांदाच भेटलंय. मलूल, थरथर, झोकांड्या, शून्यात नजर. डॉक्टरबाईंची अख्खी यादी समोर बसली होती, फक्त दोन पायांवर.

तिने मावशीच्या हातातली बाटली घेतली आणि काकांना मध पाजला.

"अगं, कुत्र्याला दे."

"मावशी, सेहेचाळीस काकांची आहे."

मग बटणच्या कानाचा खराखुरा थेंब घेतला. एकशे आठ. तो उठला, भिंतीवर आपटला, मावशीलाच परक्यासारखी हुंगून पुढे गेला. पुन्हा तपासलं तेव्हा काकांची साखर चढली होती, तसा त्यांचा आवाजही परत आला, आणि मावशीने तो लगेच कामाला लावला. गोळी रोज घेत होतात ना? घेत होतो. आणि नाश्ता? काका चष्मा पुसू लागले.

"अहो, नाश्ता कुठे जात होता?"

काकांनी टेबलाखाली बोट दाखवलं.

भाचीचं पाऊण किलोचं कोडं सुटलं. वजन कुठूनही आलेलं नव्हतं. फक्त एका ताटातून एका पोटात सरकलं होतं. पण मावशी हसली नाही. बटण उपाशी नव्हता, याचा अर्थ तिला भाचीच्या आधी कळला होता.

त्याच दिवशी काका आपल्या डॉक्टरांची बोलणी खाऊन आले. शनिवारी बटणच्या बाकीच्या तपासण्याही नीट आल्या. चित्रण पाहून डॉक्टरबाईंनी फिटच्या गोळ्या सुरू केल्या आणि म्हणाल्या, ताब्यात राहिलं तर कुत्रं मजेत म्हातारं होतं. मावशीने डोळे पुसले.

रविवारी सकाळी प्रश्न वेगळाच निघाला. बटण गोळी घेईना. मावशीने ती वाटीत लपवली, भाचीने चुरून भाकरीच्या तुकड्यात दडवली. दोन्ही वेळा त्याने आजूबाजूचं खाऊन औषध स्वच्छ बाजूला काढलं. तिसरी गोळी काकांनी मागून घेतली. टेबलाशी बसून त्यांनी ती उकडलेल्या गाजराच्या तुकड्यात खोचली, खिडकीबाहेर नजर लावली, हवापाण्याबद्दल काहीतरी बोलले, आणि खांदाही न हलवता डावा हात गुडघ्याखाली नेऊन परत आणला. खाली एकदाच मचकन आवाज झाला. गोळी गायब.

मावशी त्या हाताकडे बघत राहिली. मग आपली खुर्ची उचलून तिने काकांच्या डाव्या बाजूला आणून ठेवली, आणि त्यांचं ताट संपेपर्यंत तिथून हलली नाही.