बापूरावांची सोपी वाट

आमच्या शेजारच्या बापूरावांना कोणी विचारलं, बाजार किती लांब आहे, तर ते म्हणतात, आठशे बारा. म्हणजे पावलं. घाटंजीत नवा आलेला माणूस गोंधळतो, आम्हाला सवय आहे. सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत काढल्यामुळे 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. लग्नपत्रिकेत 'गोरज मुहूर्त' एवढंच छापलं असलं, तर यजमानाला बाजूला घेऊन वाजले किती ते विचारतात. "पाय खोटं नाही बोलत, भाऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तोंड बोलतं, असा त्यात एक छुपा आरोप असतो.

मागच्या मार्गशीर्षात आम्ही गल्लीतले चार पेन्शनर कोकणात गेलो. समुद्रकाठी एक निसर्ग उद्यान होतं. कांदळवनातून फिरायला लाकडी वाटा केलेल्या. फाटकावर पाटी होती : 'सोपी पायवाट. कोणालाही चालता येईल.' वाचून आम्ही खूश झालो. बापूरावांनी मात्र रखवालदाराला गाठलं आणि विचारलं, "कोनाले? नाव सांगा."

त्या बिचाऱ्याला नाव सांगता येईना. मग यांनी खांद्यावरचा दुपट्टा उजव्या गुडघ्याला करकचून बांधला आणि ताठ पायाने निघाले. दर थोड्या वेळाने थांबायचं आणि वहीत टिपायचं. कठडा कुठे संपतो, कोणती फळी हलते, बाकाला पाठ आहे की नाही. एका कुटुंबाने हळहळून वाट दिली, त्यांच्या सुनेने पाणी दिलं. बापूराव ते प्यायलेही. येताना दुपट्टा सोडून ते टणाटण चालत आले, तेव्हा त्याच कुटुंबाने आमच्याकडे असं काही पाहिलं, की आम्ही चिखलातले खेकडे बघू लागलो.

वाटेच्या टोकाला एक बाक होता. पुढे नुसती वाळू, मग समुद्र. सकाळी पोहोचल्याबरोबर त्यांनी बाकापासून पाण्यापर्यंत मोजलं, एकशे चाळीस भरलं. दहा वाजता खात्रीसाठी पुन्हा मोजलं, तर साठ. आमच्याकडचं पाणी धरणात असतं, सोडलं तरच हलतं. भरती आम्हीही पुस्तकातच वाचलेली. पण आम्हाला मौज वाटली आणि बापूरावांना अतिक्रमण.

"हद्द सरकते म्हंजे काय?" ते म्हणाले. "माह्या नोकरीत असा शेजारी नाही पाह्यला."

रखवालदाराने समजावलं, की पुनव-अवसेला पाणी सगळ्यांत वर चढतं, दुपारी बाराच्या सुमाराला बाकापर्यंत येतं. त्या दिवशी पुनवच होती. पण 'सुमाराला' म्हटल्यावर बापूराव कशाला उठतात. जेवायला चला म्हटलं, तर त्यांनी हातानेच आम्हाला घालवलं. पाणी बाकाच्या पायाला लागलं तेव्हा घड्याळ पाहून लिहून घेतलं आणि मगच आले. त्यांच्यासाठी थांबलो म्हणून मासळी संपली आणि आम्ही कोकणात जाऊन वरणभात खाल्ला. परतीच्या वाटेवर आम्ही त्यांची मनसोक्त टिंगल केली. ते वहीतले आकडे तपासत राहिले.

घरी आल्यावर आठवड्याने मी त्यांच्या वावरात तुरीच्या शेंगा आणायला गेलो. धुऱ्याकडेने, म्हणजे बांधालगत, चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ ओढलेली होती, मध्ये मध्ये बाकांच्या जागी घरातल्या खुर्च्या मांडलेल्या. आणि त्या रेघेवरून काठी टेकत त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, येत होत्या.

वहिनींचा उजवा गुडघा पाच वर्षं झाली वाकत नाही. एकदा गडावर देवीला गेल्या असताना त्या अर्ध्या पायऱ्यांत अडकल्या, मागे रांग थांबली, लोक नको ते बोलले. तेव्हापासून त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. सख्ख्या पुतणीच्या लग्नालाही गेल्या नाहीत. समुद्र कधी पाहिला नाही, आता पाहायचाही नाही, असं सांगून मोकळ्या झाल्या होत्या. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या दुपट्ट्यावर मी पोट धरून हसलो होतो. तिथे उभ्या उभ्या मला स्वतःची लाज वाटली.

वहिनी शेवटच्या खुर्चीवर टेकल्या. समोर तूर होती. दम खाऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अन् इथून पानी? वाळूत नाही चालनं होत माह्यानं."

बापूरावांनी वही उघडली आणि न वाचताच मिटली.

"तुले उठाचं काम नाही," ते म्हणाले. "पुनवेले दुपारी तू फकस्त बसून राह्य. थो समुद्र सोता येते तुह्याजवळ."

वहिनींनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि तुरीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "पुनवेले किती दिवस हायेत?"

बापूरावांनी तोंड फिरवलं. दुपट्ट्याने डोळे पुसले.

"असतीन अठरा-वीस," ते म्हणाले. "अंदाजे."