गाडी रिकामी जाते म्हणे

“हिरवी सावली एकट्यादुकट्याची असेपर्यंत माणसाला उचलून नेतात. पण एकदा का घरोघर झाली, की गाडी रिकामीच...” एवढं शकुवहिनींच्या कानी पडलं आणि पिठाची गिरणी सुरू झाली. पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून गेलं.

शेजारच्या पार्वतीमावशींची सावली सोमवारपासून हिरवी पडत होती. दुखत-खुपत काही नव्हतं. पण गुरुवारी साथ-निरीक्षक खरातसाहेब वहीत ‘तुरळक’ लिहून गेले. तुरळक म्हणजे गाडीत घालून तालुक्याला नेणार आणि चाळीस दिवस वेगळं ठेवणार. गाडी रविवारी सकाळी येणार होती, आणि मावशींची लेक दुपारी, बाळंतपणाला.

“तिचे डिंकाचे लाडू कोण वळणार गं, शकू?”

“तुम्हीच! रडू नका. कशानं लागते ही?”

“सावलीवर सावली पडली की लागते म्हणे.”

“मग पापड आत्ताच घालू या,” वहिनी म्हणाल्या.

एरवी वहिनी उसनं मागायला दारात दिसल्या की लोक आतून कडी घालत. त्या दिवशी बावीसच्या बावीस दारं त्यांनी वाजवली. शुक्रवारी सात वाजता आळीच्या चौकात, कोवळ्या उन्हात, बायका लाटायला बसल्या. मधोमध मावशी.

“मालूताई, सरका की!” वहिनी म्हणाल्या. “कधी वाटीभर विरजण दिलं नाहीत, सावली तरी द्या.”

“घे बाई, परत मात्र मागणार नाही.”

बायकांनी ती हिरवी सावली घरी नेली, नवऱ्यांना दिली, सासऱ्यांना दिली. शनिवारी संध्याकाळी विठू न्हाव्याचा बोकडसुद्धा हिरवा पडत होता.

रविवारी गाडी आली तेव्हाही चौकात पापड लाटणं चालूच होतं. खरातसाहेब खबरदारी म्हणून लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. एकेक घर समोरच्या उन्हातून पुढे सरकलं. साहेबांनी ‘तुरळक’ खोडून ‘उद्रेक’ लिहिलं. सातव्या घराला ते खोडून ‘साथ’. बाविसाव्या घराला त्यांनी नियमावली उलटीसुलटी चाळली आणि सावकाश ‘प्रदेशनिष्ठ’ असं लिहिलं.

“म्हणजे काय हो?” वहिनींनी वहीत डोकावलं.

“म्हणजे इथलीच. हिला आता कुणी रोग म्हणायचं नाही.”

बायकांनी पोळपाटांवर लाटणी बडवली. मावशींनी डोळे पुसले आणि डिंक तळायला घरात पळाल्या.

साहेब उठून उन्हात आले. सगळ्या आळीत त्यांची एकट्याची सावली काळी पडली. बायकांत बसून लाट्या खाणारा गाडीचा ड्रायव्हर तोंड पुसत आला. त्याची केव्हाच हिरवी झाली होती.

“साहेब, काळी एकच दिसते. म्हणजे तुरळक ना?”

साहेबांनी नियम दोनदा वाचला. “बरोबर आहे,” ते म्हणाले आणि गाडीचं मागचं दार उघडून स्वतःच आत बसले.

वहिनींनी खिडकीतून पापडांची चळत दिली. “उडदाचे आहेत, भावजी. चाळीस दिवस पुरवून खा.”

गिरणीतली बातमी अर्धीच खरी निघाली. मावशींना कुणी नेलं नाही. पण गाडी काही रिकामी गेली नाही.