झगमगासुर बिनविरोध

लोकशाहीत नायक बहुमतानं ठरतो. खलनायक मात्र एकमतानं. या तत्त्वाची रीतसर चाचणी २००५ साली शिक्रापूरजवळच्या एका गावात झाली. तेव्हा तिथं रोज संध्याकाळी सहाला लाइट जायची (परत कधी यायची, हा ज्योतिषाचा विषय होता).

ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि सत्यजीतला काहीही करून मेंबर व्हायचं होतं. प्रचार म्हणून त्यानं सुपरहिरोचा सिनेमा काढला. हिरो अर्थातच स्वतः. खांद्यावर गिताबाई आत्याची लाल शाल, चड्डी पँटच्या वरून. खलनायक झगमगासुर: हा दैत्य गावाला चोवीस तास लाइट देतो आणि बदल्यात माणसांची प्रश्न विचारायची शक्ती काढून घेतो. हे काम गिरणीवाल्या म्हस्कूकडे गेलं, कारण दुसरं कुणी शिंगं लावून घ्यायला तयार नव्हतं.

शूटिंग शिरूरच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यानं केलं. त्यामुळे झगमगासुर आला की पडद्यावर बदामाच्या आकारात गुलाब उमलत (पॅकेजमध्ये समाविष्ट). हिरोची प्रत्येक हाणामारी त्यानं सप्तपदीच्या गतीनं दाखवली. शाळेत चारला लावलेला सिनेमा साडेपाच वाजले तरी संपेना.

लाइटअभावी म्हस्कूची गिरणी अर्धा दिवस बंद असे, त्यामुळे त्याचा अभिनय आतून आला होता.

"लाइट पायजे का न्हाई?" त्यानं पडद्यावरून विचारलं.

"पायजे!" अख्खी शाळा ओरडली.

बरोबर सहाला पडद्यावर सत्यजीतनं झगमगासुराच्या लाइटच्या मशीनवर ठोसा हाणला, आणि खरीखुरी लाइट गेली.

"मोडलं बघा सत्यानं!"

लाइट रोज सहाला जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती घालवणारा माणूस आज पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसला. गावकरी हिरोला खांद्यावर घेतात, तो शेवटचा सीन कुणी पाहिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत नोंद झाली: प्रेक्षक २१२, झगमगासुराच्या बाजूनं २०३, हिरोच्या बाजूनं ९ (पैकी घरचे पाच, झोपलेले तीन). उरल्या शाळेच्या अनुपमाबाई. त्यांनी नैतिक मुद्दा मांडला, "प्रश्नच विचारता येणार नसतील, तर त्या उजेडाचा उपयोग काय?"

धुरपदा मावशी शांतपणे म्हणाल्या, "बाई, औंदा ह्या सभेत सतरा प्रश्न इचारले. उत्तर एकाचंबी न्हाई. बंद पडल्याली वस्तू देऊन लाइट मिळती, तर वाईट काय हाय?"

सभेनं म्हस्कूलाच उभं करायचं ठरवलं. आपण सिनेमात नुसतं काम केलं, असं म्हस्कूनं तीनदा सांगितलं. तो विनय समजून त्याचा अर्ज भरण्यात आला.

"सत्या, तू अर्ज काढून घे बाबा," गिताबाई म्हणाल्या. "आन् माझी शाल धुऊन दे."

सत्यजीतला रडू फुटलं. पण त्यानं दोन्ही केलं.

म्हस्कू बिनविरोध निवडून आला. लाइट अजूनही सहाला जाते, पण का जाते हे आता कुणी विचारत नाही. म्हणजे झगमगासुराच्या जाहीरनाम्यातली निम्मी कलमं महिन्याभरात अंमलात आली (तालुक्यात हे प्रमाण उत्तम समजतात).

सत्यजीतला माघारीचं दुःख नाही. पण आठ दिवस डोकं खाजवून त्यानं हिरोचं एक नाव काढलं होतं, आत्याकडून शालीवर जरीनं शिवून घेतलं होतं. झगमगासुर पोराटोरांना पाठ आहे. ते नाव मात्र गावात एकालाही आठवत नाही. निदान कुणी विचारेल, या आशेनं तो भेटेल त्याच्या तोंडाकडे बघतो.

त्यानं गावाला बोल लावू नये. तुम्हीही इथवर सगळं नीट वाचलंत; हिरोचं नाव काय, एकदा तरी विचारलंत?