पत्रूभाऊंचं स्थळ

आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, एकदा रंगात आलेलं नाटक मध्येच थांबलं, कारण पत्रूभाऊ स्टेजवर चढून वऱ्हाडात जाऊन बसले. नाटकात लग्न लागत होतं. हे प्रेक्षकांतून उठले, नवरदेवाच्या मामाशेजारी मांडी घातली आणि ताटातलं पान उचललं. मामा झालेल्या नटाने डोळे वटारले, तर हे त्यालाच म्हणाले, “तुमी बोला ना जी. मी आयकून राह्यलो.”

मी विंगेत पुस्तक धरून उभा होतो. हायस्कुलात मराठी शिकवतो, म्हणून दिवाळीनंतर मंडई भरली की नाटकाचं प्रॉम्प्टिंग कायमचं माझ्या बोकांडी. त्या दिवशी काय प्रॉम्प्ट करणार, कपाळ?

पत्रूभाऊ म्हणजे थोडं धानाचं शेत, एक बाजाची पेटी आणि कधी न संपणारी एकच तक्रार. “समोर बसून काय पाहाचं, मास्तर? नाटक पाहाचं नाई, नाटकात राहाचं.” हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणतात की त्यांची बायको शेवंताबाई भाजी चिरता चिरता ओठ हलवून सोबत म्हणते.

गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच संगीत नाटक लिहिलं. कथा एवढीच, की एका बापाच्या पोरीचं लग्न. पदं मात्र पोतंभर. अट अशी की स्टेज नको, पडदा नको. प्रेक्षक म्हणजेच वऱ्हाडी, आणि नट त्यांच्या पंगतीतून खांद्याला खांदा घासत गात फिरणार. मंडई कमिटी आधी पोट धरून हसली. मग पत्रूभाऊ अध्यक्षांच्या ओट्यावर उपाशी बसले, तेव्हा वैतागून म्हणाली, “पोळ्यापर्यंत जागा दाखवा. नाई तं दरवर्षीची कंपनी बुक करतो.”

झालं. दर रविवारी माझी मोटारसायकल आणि मागे पत्रूभाऊ. पेट्रोल माझं, मतं त्यांची.

वरोऱ्याला एक बंद पडलेली जिनिंग पाहिली. शेड ऐसपैस. पत्रूभाऊंनी मधोमध उभं राहून अशी तान घेतली की आढ्यावरची जुनी रुई खाली आली आणि तान घशातच अडकली. शिंकत शिंकत बाहेर आले. “हे नाई जमलं गा.” घुग्घुसला खाणीकडच्या सभागृहाचा वॉचमन म्हणाला, “शिफ्टचा भोंगा झाला का माणसं उठून जाते. मंग तुमची नवरी गाऊन राह्यली असो का रडून.” हे त्यांना इतकं लागलं की सिंदेवाही येईपर्यंत ते त्या वॉचमनला शिव्या घालत राहिले. जंगलाच्या कडेला मोहाच्या झाडांमधली एक मोकळी जागा त्यांना फार आवडली होती. फॉरेस्ट गार्डने शांतपणे सांगितलं, “प्रेक्षक आत बसवा ना, काई हरकत नाई. पण मंग वाघही आतच बसंल.”

राहिली ब्रह्मपुरीची राइस मिल. मालकाला फोन मी करायला हवा होता. तो पत्रूभाऊंनी केला. “रविवारी स्थळ पाहाले येतो जी.”

गेलो तर अंगणात सडा, ओट्यावर नवी सतरंजी, मालक इस्त्रीच्या कपड्यांत. आत नेऊन बसवलं, पोहे आले. मिल पाहायला आलेल्यांचा एवढा मान? मला तिथेच शंका यायला हवी होती, पण पोहे चांगले होते.

“आमची एकच आहे,” मालक म्हणाले.

“एकच पाह्यजे,” पत्रूभाऊ म्हणाले. “आवाज कसा आहे?”

“गोड आहे जी. भजन म्हणते.”

पत्रूभाऊंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग जरा पुढे सरकून विचारलं, “घुमते का?”

मालकांचा चेहरा पडला. दाराआडून मालकीणबाई घाईघाईने म्हणाल्या, “नाई जी भाऊ, अंगात-बिंगात काई येत नाई तिच्या.”

तेवढ्यात मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी पोह्यांची बशी खाली ठेवली. पत्रूभाऊंच्या डोक्यात कसला उजेड? “ठेव बाई इथी,” ते तिला म्हणाले आणि मालकांकडे वळले. “बरं, आता स्थळ दाखवा.”

“हे काय, समोर उभी आहे. तुमचा मुलगा कुठी आहे?”

“मले मुलगा नाई,” पत्रूभाऊ म्हणाले. “मुलगीही नाई.”

“मंग स्थळ कोणासाठी पाहून राह्यले?”

“नाटकासाठी.”

पहिल्यांदा ती मुलगीच हसली, ट्रे हातात धरून, खदखदून. मालक हसले नाहीत. मिल हातची गेली.

पोळा उद्यावर आला तेव्हा पत्रूभाऊ ओट्यावर हातपाय गाळून बसले होते. मी म्हणालो, “भाऊ, सोडा आता. पुढच्या वर्षी पाहू.”

“लग्न आहे, मास्तर. कुठीही कसं लावाचं?”

आतून शेवंताबाई म्हणाली, “पोरीचं लगन लोकाच्या मिलीत कायले लावता? बापाच्या दारात लावा. आपल्या दारात मांडव पडलाच नाई कधी. अंगण काय फक्त धान वाळवाले आहे?”

पत्रूभाऊंनी एकदा अंगण नजरेने मोजलं. उठले, कुदळ काढली आणि मांडवाचे खड्डे त्याच दुपारी खणले. नाटक दिवाळीनंतर. तोवर त्या खड्ड्यांत शेजारपाजारच्या कोंबड्या पडत राहिल्या आणि शिव्या मला बसत राहिल्या, कारण मी शिकलेला.

तिकिटं त्यांनी लग्नपत्रिकेसारखी छापली, ती आणखी एक चूक. अख्खं गाव आहेर घेऊन आलं. स्टीलचे डबे, टॉवेल-टोपी, एकाने तर कुकर. नवरीच्या कामाला वडशाकडची सरिता नावाची नटी आणली होती. ती बिचारी प्रत्येक सीझनला कितीतरी लग्नं लावून घेते, पण खरा आहेर पहिल्यांदाच पाहत होती. विंग नव्हतीच, म्हणून मी पुस्तक घेऊन तुळशीमागे बसलो होतो. तिथे एका आजोबांनी मला गाठलं. “नवरदेव नोकरीवर आहे का शेती करते?” शेवंताबाईने खरोखरच मांडवभर माणसांसाठी वांग्याची भाजी आणि भात रांधला होता.

गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या. पदं अशी रंगली की माझ्यासारखा कुरकुऱ्या माणूसही मान डोलवायला लागला. मग पाठवणी आली. पडदा नव्हता, म्हणून शेवट असा ठरला होता की बाप झालेल्या पत्रूभाऊंचं पद होईल, नवरीला घेऊन जीप नाल्यापर्यंत जाईल, वळून परत येईल, सरिता उतरून नमस्कार करेल, टाळ्या, संपलं.

पत्रूभाऊंनी पद खणखणीत म्हटलं. जीप गेली. ते रस्त्यावर तसेच उभे राहिले. मी तुळशीमागून म्हणालो, “आभार माना, भाऊ.” त्यांना ऐकू गेलं नाही. नाल्यापाशी दिवे वळले आणि जीप परत येऊ लागली.

“आयकते का वो,” ते घराकडे तोंड करून म्हणाले, “पोरगी आली.”

शेवंताबाई तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन बाहेर आली. सरिता नमस्काराचे हात जोडूनच उतरली होती, ती फाटकात थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी भराभर पानं उलटली. पुस्तकात असं काही नव्हतं.

शेवंताबाईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. टाळ्यांसाठी उचललेले गावाचे हात तसेच राहिले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, सांगायला लाज कसली.

“चाल आत,” शेवंताबाई म्हणाली. “जेवली नसशीन.”

सरिताने जोडलेले हात सोडले.

“नाई जेवली, माय,” ती म्हणाली.