टाकीचं माहेरपण

वसाहतीच्या सांडपाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं आणि सेक्रेटरींनी नाक धरलं. या टाकीपाशी आजवर त्यांनी दुसऱ्यांनाही नाक धरू दिलं नव्हतं. टाकीतले जिवाणू सगळ्या घरांची घाण खातात आणि निवळलेलं पाणी बागेला जातं, हे ते इतक्या मायेनं सांगत, की ते येताना दिसले की लोक जिना बदलत.

"मेले गं!" ते घरात येत म्हणाले.

"कोण?" बायकोच्या हातातलं भांडं निसटलं.

"सगळे! एकही उरला नाही."

"अहो, पण कोण?"

"जिवाणू!"

"मग आता का गळा काढताय? तपासणीला साहेब येणार, घरोघरचे संडास फिनेल ओतून लख्ख करा, असं दारोदार सांगत कोण फिरत होतं? मी दोन बाटल्या ओतल्या."

सेक्रेटरी मटकन खाली बसले. "आयुष्यात एकदाच लोकांनी माझं ऐकलं. तेही नेमकं हेच!"

रविवारी साहेब येणार होते. पाण्याला वास आला तर टाकी बंद, आणि तिच्या पाण्यावर वाढलेली बाग उन्हात उभी. उपाय एकच होता: दुसऱ्या चालत्या टाकीतला गाळ आणून दुधाला विरजण लावावं तसा इथे घालायचा. आणि जवळची चालती टाकी होती लेकीच्या सासरी. त्या टाकीला सेक्रेटरींनी भर लग्नात 'डबकं' म्हटलं होतं.

दुपारी ते रिकामं पिंप घेऊन व्याह्यांच्या दारात उभे राहिले.

"या, या! डबकं बघायला आलात?" व्याही म्हणाले.

"मागायला आलोय. दोन बादल्या गाळ द्या. शहाणपणा केला आणि आमचे जिवाणू मीच मारले."

"फिनेल?"

"तुम्हाला कसं कळलं?"

स्वयंपाकघराच्या दारात लेक पदराआड हसत होती. व्याह्यांनी घसा साफ केला. "लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा जेवायला येणार होतात ना, तेव्हा आम्हीही सगळी वसाहत धुऊन काढली होती. घरं चकाचक, टाकी गार! शेवटी सूनबाईनं माहेराहून दोन बादल्या गुपचूप आणल्या."

"म्हणजे हे जिवाणू..."

"तुमचेच. इथे सुखानं नांदतायत. थोडे न्या माहेरपणाला."

पिंप मांडीवर घेऊन सेक्रेटरी रिक्षात बसले. खड्डा आला की लेकराला सावरावं तसं त्याला कवटाळत होते. रिक्षावाला मान बाहेर काढून चालवत होता.

बायको फाटकाशीच उभी होती. "आली का पोरं माहेरी?"

"तुला माहीत होतं?"

"त्या वेळच्या बादल्या भरून कुणी दिल्या होत्या?"

मग सेक्रेटरी पुन्हा दारोदार फिरले. "हात जोडतो, रविवारपर्यंत कुणी काही घासू नका, फिनेलला शिवू नका." लोकांनी हेही ऐकलं, आणि फार आनंदानं ऐकलं.

रविवारी साहेब टाकीवर वाकले, हुंगले, पुन्हा हुंगले. कसलाच वास नाही. बागेच्या नळाला नितळ पाणी.

"उत्तम!" साहेब म्हणाले. "चला, तुमच्या घरी जरा हात धुतो."

सेक्रेटरी दोन्ही हात पसरून वाटेत उभे राहिले.

"नको साहेब, इथेच धुवा. सध्या आमच्या अख्ख्या वसाहतीत या पाण्याइतकं स्वच्छ दुसरं काही नाही."