होकाराचा सराव

समोरच्या माणसाकडून 'हो' म्हणवून घ्यावं तर ते मीच! वीस वर्षं गाद्या विकतोय. नुसती उशी बघायला आलेलं गिऱ्हाईक डबलबेडची गादी घेऊन जातं. त्यामुळे बायको म्हणाली, तोंडी परीक्षेत एका माणसाची संमती घ्यायची आहे, तेव्हा मला हसूच आलं. एवढंच ना?

बायको हृदयरोग्यांच्या वॉर्डात नर्स आहे आणि नोकरी सांभाळून क्लिनिकल रिसर्चची पदव्युत्तर पदवी करते. नवीन औषध माणसांवर कसं आणि किती जपून तपासायचं, त्याचा हा अभ्यास. दिवसभर पायांवर उभी राहून घरी येते, आणि मी टीव्हीसमोर जांभया देत असतो तेव्हा ही आकडेवारीचं पुस्तक उघडते. मला गादीचं माप लिहितानाही डुलकी लागते. तिचं मला मनापासून कौतुक आहे, तोंडावर बोलत नाही इतकंच. या परीक्षेत पास झाली तर वॉर्डातल्या नव्या संशोधनाचं काम तिच्याकडे येणार होतं. नापास झाली तर ते दुसऱ्या कुणाकडे जाणार.

परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर. घरातल्या कुणालाही पेशंट करायचं, एका खोट्याखोट्या गोळीच्या चाचणीची माहिती द्यायची, आणि परीक्षक बाई पलीकडून बघणार. पेशंट म्हणून माझे वडील ठरले. वडिलांचा पहिला शब्द कायम 'नाही'. चहाला नाही म्हणतात, मग दोन कप पितात. परीक्षेत असं केलं तर सगळंच मुसळ केरात!

मग मी बायकोच्या नकळत त्यांना बाजूला घेतलं. काहीही विचारलं तरी 'हो' म्हणायचं, असं बजावलं आणि आठवडाभर सराव करून घेतला. शेवटी शेवटी तर नुसती हाक मारली तरी 'हो, हो' म्हणायला लागले.

परीक्षेच्या दिवशी मी दाराआड उभा राहिलो. बायकोनं खुर्ची वडिलांजवळ ओढली. गोळीनं काय फायदा होईल, चक्कर कशी येऊ शकते, खरी गोळी मिळेल की औषध नसलेली साधी हे कुणालाच कसं माहीत नसतं, आणि मधेच सोडून गेलात तरी कुणी कारण विचारणार नाही, हे सगळं एकही अवघड शब्द न वापरता सांगितलं. मी थक्क झालो. गादी मधोमध खचते हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही!

मग परीक्षक बाईंनी वडिलांना विचारलं, सगळं समजलं का?

"हो."

"नाही म्हणायची मुभा आहे, हे माहीत आहे?"

"हो."

"कुणी तुमच्यावर दबाव आणलाय का?"

"हो."

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात मीही दिसतोय हे विसरून मी दाराआडून डोकं काढलं आणि 'नाही, नाही' अशी जोरजोरात मान हलवली. वडिलांना वाटलं आवाज कमी पडला. ते आणखी मोठ्यानं म्हणाले, "हो!"

बायकोनं हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच ही गोळी घ्यायची आहे?"

"सूनबाई, तू पास होणार असशील तर विषसुद्धा घेईन."

बायकोचे डोळे भरून आले. पण तिनं पेनाचं टोपण लावलं आणि लॅपटॉपकडे वळली. "मी यांची सही घेऊ शकत नाही. हे माझ्यासाठी हो म्हणतायत, गोळीसाठी नाही."

संपलं सगळं, मी कपाळाला हात लावला. तिनं वडिलांना समजावलं, की नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही. वडिलांनी सुटकेचा श्वास टाकला. "मग नाही. मला गोळ्यांची भीती वाटते गं."

परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या की जो तो सही मिळवायच्या मागे असतो, हिनं ती थांबवली. पैकीच्या पैकी! आणि दाराआडच्या गृहस्थांना कुठल्याही पेशंटच्या आसपास फिरकू देऊ नका.

आता नीट बघितलं तर ते गुण माझ्यामुळेच मिळाले. बायकोला हे सांगायचं धाडस मात्र अजून झालेलं नाही.