विजेची सावली

सोलरचा आकडा बारा युनिटवरून सहावर आला, तेव्हा अनंताचा पहिला संशय सकुबाईच्या शेवग्यावर गेला.

अनंता शहापूरच्या एका शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होता. निवृत्त होऊन धसईजवळच्या आपल्या गावी आला आणि पहिलं काम काय केलं, तर परसात लोखंडी मांडव उभारून त्यावर सोलरच्या प्लेटा बसवल्या. गावातलं पहिलं सोलर ते. त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती. घराच्या मागच्या भिंतीवर इन्व्हर्टरचे दोन डबे होते आणि त्यांच्याखाली मीटर. रोज संध्याकाळी अनंता मीटर बघायचा, कालचा आकडा वजा करायचा आणि आज किती युनिट झाली ते रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगायचा. लोकही ऐकून घ्यायचे. शिकलेला माणूस होता.

"सावली पडतेय कुठूनतरी," तो बायकोला म्हणाला.

कमळ भिंतीकडे बघत बोलली, "त्या एका डब्यावर लाल दिवा लागलाय. आधी हिरवा असायचा ना?"

"लाल म्हणजे चालू. आपल्या बटनावर लाल दिवा कधी लागतो? चालू असल्यावरच ना?"

कमळनं स्वयंपाकघरातल्या बटनाकडे बघितलं. दिवा लालच होता. ती पीठ मळायला बसली.

सकुबाईचं घर कुंपणापलीकडे. घरात ती एकटीच. परसात एक शेवगा होता, त्याच्या शेंगा आणि पालेभाजीच्या जुड्या ती धसईच्या बाजारात नेऊन विकायची. जानेवारीचे दिवस होते आणि झाड नुकतंच फुलावर आलं होतं.

"सकुबाय, तुझ्या झाडानं माझी वीज खाल्ली," अनंता कुंपणाशी येऊन म्हणाला.

सकुबाईनं झाडाकडे वर बघितलं. "नऊ वर्सं नाय खाल्ली, आनि आता खाल्ली?"

"झाड वाढतंय ना. एका प्लेटवर सावली आली तरी अख्खी लाइन बसते. शास्त्र आहे ते."

शास्त्रापुढं सकुबाई काय बोलणार? "एक फांदी तोडा मंग," ती म्हणाली. "पन जपून. फुलं हायत."

अनंतानं शिडी लावून फांदी तोडली. संध्याकाळी आकडा सहाच. त्यानं दुसऱ्या दिवशी दुसरी तोडली, मग त्याच्या मागची, आणि मग एवढं तोडलंच आहे तर शेंडाही. दर वेळी सकुबाई खाली पडलेल्या फांद्यांवरची फुलं पदरात वेचून घ्यायची. त्या फुलांची भाजी करून तिनं एक वाटी अनंताकडेही पाठवली. भाजी फार छान झाली होती. अनंतानं तसं कळवलंही.

आठ दिवसांत नुसतं खोड उरलं आणि आकडा सहाच राहिला.

मग अनंताला धूर दिसला. सकुबाई परसातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवायची. धुराची काजळी प्लेटांवर बसते, असं त्यानं तिला समजावून सांगितलं. सकुबाईनं चूल उचलून पुढच्या अंगणात नेली. मग तिच्या कोंबड्यांमुळे धूळ उडते, असं निघालं. तिनं कोंबड्या दिवसभर डालग्याखाली ठेवल्या.

आणि एका संध्याकाळी आकडा शून्य आला.

कमळ बाहेर येऊन बघून गेली. "आता तर दोन्ही डबे चालू झालेत," ती म्हणाली.

ती खरंच तसं समजत होती की कसं, हे अनंताला तिच्या तोंडावरून कळेना. विचारायची हिंमतही झाली नाही. त्यानं मुरबाडच्या मिस्त्रीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणित मिस्त्री मोटारसायकलवर आला. आवाज ऐकून सकुबाईही कुंपणाशी आली.

"माझं अजून काय हलवायचं हाय का, ते इचारायला आले," ती म्हणाली.

प्रणितनं दोन्ही डब्यांची झाकणं काढली, वायरी तपासल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"काका, दोन्ही इन्व्हर्टर गेलेत. नऊ वर्सं चालले म्हनजे खूप झालं. दुसरा काल गेला, पन हा पयला तर महिन्याभरामागंच मेलाय. लाल दिवा नाय दिसला तुमाला? लाल म्हनजे बिघाड."

अनंतानं कमळकडे बघायचं टाळलं. कमळ मिस्त्रीसाठी पाणी आणायला आत गेली. तिचे उपकारच म्हणायचे.

"सावलीनं गेले असतील," अनंता पुटपुटला.

"कसली सावली?"

अनंतानं खोडाकडे बोट केलं. दाखवायला दुसरं काही राहिलंच नव्हतं.

प्रणितनं सूर्याकडे बघितलं, खोडाकडे बघितलं आणि मग अनंताकडे. "काका, झाड तुमच्या उत्तरेला हाय. थंडीत सूर्य दक्षिनेकडनं जातो. याची सावली पलीकडं पडनार, मावशींच्या परसात. तुमच्या प्लेटांवर येनारच कशी?"

शाळेत दर वर्षी सर मैदानात काठी रोवायला लावत आणि मुलांकडून तिची सावली मोजून घेत. ती काठी रोवायचं काम अनंताचं. एक ना दोन, तीस काठ्या त्यानं रोवल्या होत्या. डिसेंबरातली बाराची सावली कुठं जाते, हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं.

"सकुबाय," तो कसाबसा म्हणाला, "तुला ठाऊक होतं?"

"व्हतं की. दुपारची भाजी निवडाया मी त्या सावलीतच बसायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी शिकलेलं. मला वाटलं, विजेची सावली येगळी पडत आसंल."

ती टोमणा मारत नव्हती. मारला असता तर अनंताला बरं वाटलं असतं.

दहा दिवसांनी नवे इन्व्हर्टर बसले. हिरवे दिवे लागले, आकडा बारावर आला. रस्त्यानं जाणाऱ्या राघोनं आपणहून विचारलं, "आज किती झाली?" अनंता म्हणाला, "बघितलं नाय अजून." आणि आत गेला.

चार दिवस त्यानं मनात वाक्यं जुळवली. पाचव्या दिवशी सकुबाईच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्यातलं एकच बाहेर पडलं. "चुकलं माझं."

"व्हतं मानसाकडनं," सकुबाई म्हणाली.

"तुला वायर ओढून देतो. पंखा, दिवे, सगळं माझ्या सोलरवर चालव."

"वीज हाय मला. वायर नको." ती जरा घुटमळली. "पन दुपारी बसाया सावली नाय राह्यली. तुमच्या त्या मांडवाखाली बसू का?"

मार्चपासून ती रोज भाजीची टोपली घेऊन प्लेटांच्या खाली बसू लागली. सोबत आळीतल्या धोंडूबाई आणि भिमीही येऊ लागल्या. मांडवाखालची आपली बाज अनंता रोज थोडी थोडी बाजूला घ्यायचा. शेवटी ती पार उन्हात आली. तो डोक्यावर टॉवेल घेऊन तिथंच बसून राहिला.

"भाऊ, भोवळ येईल तुमाला," सकुबाई म्हणाली. "या इकडं. जागा हाय."

अनंता उठला आणि मांडवाच्या कडेला टेकला. सकुबाईनं मेथीचा ढीग त्याच्यापुढं सरकवला. त्यानं मन लावून एक जुडी बांधली, चांगली भरघोस.

"येवडी मोठी नको, भाऊ," ती म्हणाली. "गिऱ्हाईक मंग परत तेवडीच मागतं."

अनंतानं जुडी सोडली आणि पुन्हा बांधली.